वॉल्ट डिस्नेची रात्रशाळा: एआयच्या काळात अ‍ॅनिमेशन का आणि कसं शिकायचं?

अ‍ॅनिमेशन शिकणाऱ्या मुलामुलींशी बोललं की हल्ली एक प्रश्न हमखास येतो. एआयला दोन चित्रं दिली की मधली सगळी चित्रं तो काही सेकंदांत काढून देतो, मग तीच चित्रं हाताने काढायला शिकण्यात आम्ही दोन-तीन वर्षं का घालवायची? प्रश्न रास्त आहे. फी लाखांत असते, ती घरच्यांनी पोटाला चिमटा काढून भरलेली असते, आणि कोर्स संपेपर्यंत ते काम शिल्लक असेल की नाही हे कुणीच छातीठोकपणे सांगत नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, अ‍ॅनिमेटर नाही. पण ही मॉडेल्स आतून कशी चालतात हे मला बऱ्यापैकी कळतं, आणि मशीनने काम हातात घेतलं की शिकाऊ माणसाचं काय होतं हा प्रश्न आमच्या क्षेत्रातही आहेच. या प्रश्नाचं सगळ्यात उपयोगी उत्तर मला एका जुन्या माणसाच्या आयुष्यात सापडलं. तो वॉल्ट डिस्ने. त्याच्या काळात जे जे नवं यंत्र आलं ते त्याने स्टुडिओत आणलं. आणि त्याच काळात स्वतःच्या खर्चाने कलाकारांसाठी चित्रकलेची रात्रशाळाही चालवली. या दोन गोष्टी त्याने एकत्र कशा केल्या, आणि कुठे तो चुकला, हे आज आपण पाहू.

पहाटे पेपर टाकणारा मुलगा

वॉल्टचा जन्म ५ डिसेंबर १९०१ रोजी शिकागोत झाला. तो लहान असतानाच कुटुंब मिसुरी राज्यातल्या मार्सलिन या छोट्या गावी शेती करायला गेलं. तिथली गुरं, कोंबड्या, झाडं, रेल्वे हे सगळं पुढे त्याच्या चित्रपटांत सतत दिसत राहिलं. शेती जमली नाही, म्हणून १९११ मध्ये कुटुंब कॅन्सस सिटीला आलं. वडिलांनी पेपरची लाइन घेतली आणि वॉल्ट आणि त्याचा मोठा भाऊ रॉय पहाटे उठून घरोघर पेपर टाकू लागले. हिवाळ्यात बर्फातूनसुद्धा. वर्गात डुलक्या घेणारा हा मुलगा शनिवारी मात्र चित्रकलेच्या क्लासला जायचा. पुढे शिकागोत हायस्कूलला असताना त्याने संध्याकाळचे चित्रकलेचे वर्ग केले. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी वय वाढवून सांगून तो रेड क्रॉसमध्ये भरती झाला आणि फ्रान्समध्ये गाडी चालवून आला. हायस्कूल मात्र त्याने पूर्ण केलं नाही.

म्हणजे औपचारिक शिक्षण फारसं नाही. पण दिवसाचं काम संपल्यावर संध्याकाळी शिकायचं, ही सवय त्याला लहानपणीच लागली होती.

लायब्ररीतलं पुस्तक

१९१९ मध्ये कॅन्सस सिटीतल्या एका जाहिरात स्टुडिओत वॉल्टची गाठ त्याच्याच वयाच्या अब आयवर्क्सशी पडली. आयवर्क्सचा हात विलक्षण वेगवान होता आणि त्याला यंत्रांचीही चांगली जाण होती. लवकरच दोघं जाहिरातपट बनवणाऱ्या एका कंपनीत लागले. तिथे कागदी बाहुल्यांचे हातपाय सांध्यावर जोडून, थोडे थोडे हलवून फोटो काढायची पद्धत होती. वॉल्टला ते हलणं अडखळतं वाटायचं. त्याने गावच्या सार्वजनिक लायब्ररीतून एडविन लुट्झ यांचं अ‍ॅनिमेशनवरचं, १९२० मध्ये नुकतंच छापलेलं पुस्तक आणलं आणि कंपनीचा कॅमेरा उसना घेऊन गॅरेजमध्ये प्रयोग सुरू केले.

मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते. आज आपण यूट्यूबवरून शिकतो, तो लायब्ररीतल्या पुस्तकावरून शिकला. तंत्र बाहेरून मिळालं. आहे ते हलणं चांगलं नाही, हे ओळखणारी नजर मात्र त्याची स्वतःची होती, आणि ती नसती तर पुस्तक शोधायची गरजच पडली नसती.

१९२२ मध्ये त्याने लाफ-ओ-ग्रॅम नावाचा स्टुडिओ काढला. वर्षभरात त्याचं दिवाळं निघालं. १९२३ मध्ये तो हॉलीवूडला गेला आणि १६ ऑक्टोबरला रॉयबरोबर नवा स्टुडिओ सुरू झाला. काही वर्षांतच त्याने स्वतः अ‍ॅनिमेशन काढणं थांबवलं. आयवर्क्स आपल्यापेक्षा सरस काढतो हे त्याला दिसत होतं. कथा, विनोद, निवड आणि आग्रह, ही कामं त्याने स्वतःकडे ठेवली.

मिकी आणि २४ फ्रेमचं गणित

१९२८ मध्ये त्याला मोठा फटका बसला. ओस्वाल्ड नावाचं त्याचं लोकप्रिय सशाचं पात्र कराराप्रमाणे वितरक कंपनीच्या मालकीचं होतं. करार वाढवायला वॉल्ट न्यूयॉर्कला गेला तेव्हा कळलं, की मधल्या व्यावसायिकाने त्याचे बहुतेक अ‍ॅनिमेटर आधीच फोडले आहेत. पात्र गेलं, माणसं गेली. आयवर्क्स मात्र राहिला आणि त्यातूनच मिकी माउस जन्माला आला.

मिकीला खरं यश दिलं ते आवाजाने. १८ नोव्हेंबर १९२८ रोजी न्यूयॉर्कमध्ये ‘स्टीमबोट विली’ झळकला. इथलं तंत्र समजून घेण्यासारखं आहे. मूकपटाच्या काळात फिल्मचा वेग कमीजास्त होत असे. आवाज आल्यावर तो सेकंदाला २४ फ्रेम असा पक्का झाला. वेग पक्का झाला की संगीत फ्रेममध्ये मोजता येतं. समजा, गाण्याचे ठोके मिनिटाला १२० आहेत. म्हणजे सेकंदाला दोन, म्हणजे दर १२ फ्रेमला एक ठोका. मग मिकीचं पाऊल कोणत्या फ्रेमला टेकलं पाहिजे हे चित्र काढायच्या आधीच कागदावर लिहिता येतं. डिस्नेच्या माणसांनी हेच केलं. आम्ही प्रोग्रामर ज्याला टाइमलाइन म्हणतो, तीच ही, फक्त कागदावरची.

पुढचं यंत्र रंगाचं. १९३२ मध्ये ‘फ्लॉवर्स अँड ट्रीज’ हा लघुपट कृष्णधवल रूपात बराचसा तयार होता. वॉल्टने तो टेक्निकलरच्या नव्या तीन-रंगी पद्धतीत पुन्हा करायला लावला. हिशेब सांभाळणाऱ्या रॉयचा विरोध होता. पण चित्रपट गाजला आणि कार्टून लघुपटाचं पहिलं ऑस्कर त्याला मिळालं.

आवाज झाला, रंग झाला. एखादा मालक इथे थांबला असता. वॉल्टला मात्र पडद्यावर दुसरंच काहीतरी खुपत होतं. त्याची पात्रं रबरी नळीसारखी हलत होती. त्यांना वजन नव्हतं, हाडं नव्हती. आणि हा दोष कुठल्याही यंत्राने जाणार नव्हता.

गाडीत घालून शाळेत

१९२९ च्या सुमारास वॉल्टने लॉस एंजेलिसच्या शुइनार्ड कला विद्यालयात आपल्या कलाकारांना संध्याकाळच्या वर्गाला पाठवायचं ठरवलं. स्टुडिओकडे पैसे तंगीचे होते. विद्यालय चालवणाऱ्या नेल्बर्ट शुइनार्ड यांनी फी नंतर द्या म्हणून सांभाळून घेतलं. वॉल्ट स्वतः गाडी चालवत मुलांना वर्गाला सोडायचा आणि परत आणायचा.

दरम्यान आर्ट बॅबिट नावाच्या अ‍ॅनिमेटरने आपल्या घरी सहकाऱ्यांसाठी मॉडेल समोर बसवून चित्रं काढण्याचा वर्ग सुरू केला. वॉल्टच्या कानावर गेल्यावर त्याने तो वर्ग स्टुडिओतच भरवायला सांगितला आणि खर्च उचलला. नोव्हेंबर १९३२ मध्ये शुइनार्डमधले शिक्षक डॉन ग्रॅहम स्टुडिओत शिकवू लागले. अमेरिकेत महामंदी चालू होती, लोकांच्या नोकऱ्या जात होत्या, आणि इथे एक कार्टून कंपनी कामावरच्या माणसांना पुन्हा चित्रकला शिकवत होती.

ग्रॅहम यांच्या वर्गात दोन गोष्टी चालायच्या. एक, समोर बसलेल्या माणसाचं किंवा प्राण्याचं चित्र काढणं. दुसरी, हालचालीचं विश्लेषण. चालत्या माणसाची, धावत्या घोड्याची फिल्म सावकाश लावायची, थांबवायची आणि वजन कोणत्या पायावर आहे, आधी कंबर वळते की डोकं, यावर चर्चा करायची. त्यातून पुढे अ‍ॅनिमेशनची जी तत्त्वं तयार झाली, त्यातली १२ तत्त्वं फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या स्टुडिओतल्याच दोन अ‍ॅनिमेटरांनी १९८१ च्या आपल्या पुस्तकात मांडली. आज कुठल्याही अ‍ॅनिमेशन कोर्सच्या पहिल्या सत्रात शिकवतात ती हीच. उडी मारण्याआधी पात्र खाली दबतं, चेंडू जमिनीवर चपटा होतो, वेग हळू सुरू होऊन हळू संपतो, ही सगळी त्या रात्रशाळेची कमाई आहे.

डिसेंबर १९३५ मध्ये वॉल्टने डॉन ग्रॅहम यांना एक लांबलचक पत्र पाठवलं. त्यात चांगल्या अ‍ॅनिमेटरला काय काय यायला हवं याची यादीच होती: पक्कं रेखाटन, व्यंगचित्राची समज, अभिनयाची समज, विनोद सुचणं, कथेची जाण, आणि स्टुडिओतल्या यांत्रिक कामाच्या रीतींची माहिती. खऱ्या हालचालीची नक्कल करणं हे कार्टूनचं पहिलं काम नव्हे, असं त्याचं म्हणणं होतं. आधी खरं काय ते नीट ओळखा आणि मग त्याला कल्पनेने वाढवा, असा त्याचा क्रम होता. या यादीत यंत्राची माहिती आहे, पण ती बाकीच्या सगळ्याबरोबर आहे, त्यांच्या जागी नाही.

रोटोस्कोप: तेव्हाचा शॉर्टकट

पूर्ण लांबीचा ‘स्नो व्हाइट’ करायचं ठरलं तेव्हा स्टुडिओपुढे मोठी अडचण होती. विनोदी प्राणी जमत होते, माणूस जमत नव्हता. १९३४ मधल्या ‘गॉडेस ऑफ स्प्रिंग’ या लघुपटातल्या नायिकेचे हात अजूनही रबरीच होते.

यावर एक तयार शॉर्टकट उपलब्ध होता, रोटोस्कोप. मॅक्स फ्लायशर यांना १९१७ मध्ये त्याचं पेटंट मिळालं होतं. खऱ्या माणसाची फिल्म घ्यायची, एकेक फ्रेम कागदावर पाडायची आणि गिरवायची. डिस्नेनेही मार्ज बेल्चर या तरुण नर्तिकेला स्नो व्हाइटच्या हालचाली करायला लावून तिचं चित्रण केलं. पण अ‍ॅनिमेटरांना लवकरच दिसलं की नुसतं गिरवलं की पात्र निर्जीव होतं. स्नो व्हाइटचं डोकं खऱ्या माणसापेक्षा मोठं, अंग छोटं. त्यामुळे गिरवलेली रेघ तिच्या अंगावर बसेना. शिवाय खरा माणूस हलतो तेव्हा शेकडो बारीक हालचाली एकाच वेळी होतात. त्यातली कोणती ठेवायची, कोणती वाढवायची, कोणती गाळायची हे गिरवणाऱ्याला ठरवता येत नाही. मग त्यांनी फिल्म संदर्भापुरती वापरली आणि चित्र आपल्या डोक्याने काढलं. हे शक्य झालं, कारण तीन-चार वर्षं ग्रॅहम यांच्या वर्गात हात आणि नजर तयार झाली होती.

त्याच काळात मल्टिप्लेन कॅमेराही आला. काचेचे थर एकाखाली एक, प्रत्येक थरावर देखाव्याचा वेगळा भाग, आणि वरून खाली पाहणारा कॅमेरा. एसटीच्या खिडकीतून पाहताना जवळची झाडं झपाट्याने मागे जातात आणि लांबचा डोंगर जागेवरच राहतो, तोच परिणाम थर वेगवेगळ्या वेगाने सरकवून मिळायचा. १९३७ च्या ‘द ओल्ड मिल’ या लघुपटात त्याची चाचणी झाली. २१ डिसेंबर १९३७ रोजी ‘स्नो व्हाइट’चा पहिला खेळ झाला. खर्च १५ लाख डॉलरच्या घरात गेला होता आणि हॉलीवूडमध्ये लोक या प्रकल्पाला डिस्नेचा वेडेपणा म्हणून हिणवत होते. चित्रपट प्रचंड चालला.

एआय मधली चित्रं काढतो म्हणजे काय करतो?

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. ‘स्नो व्हाइट’ ८३ मिनिटांचा आहे. ८३ गुणिले ६० गुणिले २४, म्हणजे पडद्यावर सुमारे १ लाख १९ हजार फ्रेम. एकेक चित्र दोन फ्रेम धरलं तरी काम अफाट. म्हणून मुख्य अ‍ॅनिमेटर फक्त महत्त्वाची चित्रं, म्हणजे की ड्रॉइंग, काढायचा आणि मधली चित्रं शिकाऊ मुलं काढायची. त्यांना इनबिटवीनर म्हणत.

आज हे मधलं काम एआय करतो. ढोबळमानाने दोन पद्धती आहेत. पहिलीत मॉडेल पहिल्या चित्रातला प्रत्येक बिंदू दुसऱ्या चित्रात कुठे गेला याचा अंदाज बांधतं आणि मधल्या वेळी तो कुठे असेल ते काढतं. दुसरीत, हजारो व्हिडिओंवर शिकलेलं मॉडेल दोन टोकांची चित्रं पाहून मधली चित्रं नव्याने घडवतं. दोन्हींचा आधार एकच आहे: आधी पाहिलेल्या गोष्टींवरून सगळ्यात संभवनीय हालचाल कोणती?

एक साधं उदाहरण घेऊ. पात्र डावीकडे पाहतंय, मग उजवीकडे पाहतं. दोन टोकांची सरळ सरासरी काढली तर नाक चेहऱ्यावरून आडव्या रेषेत सरकतं आणि डोकं बाहुलीसारखं फिरतं. चांगला अ‍ॅनिमेटर हनुवटी किंचित खाली आणत वळण घेतो आणि मध्येच पापणी मिटवतो. चांगलं मॉडेल हेही शिकू शकतं, कारण बहुतेक माणसं अशीच वळतात. पण हे पात्र मागे पावलं ऐकलेला चोर असेल तर? आधी फक्त डोळे वळतील, मान अडकल्यासारखी थांबेल, मग झटक्यात फिरेल. दमलेली आजी असेल तर आधी खांदा वळेल. टोकाची दोन्ही चित्रं तीच असतात, पण मधलं सगळं बदलतं. ते चोर आहे की आजी हे त्या दोन चित्रांत लिहिलेलं नसतं. ते ज्याच्या डोक्यात आहे त्यालाच एआयने दिलेलं चित्र चुकलंय हे कळतं, आणि तोच ते दुरुस्त करू शकतो.

म्हणजे एआयला काम सांगायला आणि त्याचं काम तपासायलाही तीच नजर लागते, जी डॉन ग्रॅहम यांच्या वर्गात तयार होत होती.

पण इथे एक खरी अडचण आहे, आणि ती झटकून टाकता येणार नाही. डिस्नेच्या स्टुडिओत नवा मुलगा आधी इनबिटवीनर व्हायचा, मग असिस्टंट, मग अ‍ॅनिमेटर. मधली चित्रं काढताना तो उस्तादाच्या की ड्रॉइंग रोज हाताळायचा आणि त्यातूनच शिकायचा. ते कंटाळवाणं काम हीच शिडीची पहिली पायरी होती. आमच्याकडेही नव्या मुलांना आधी छोटे बग दिले जायचे, त्यातून त्यांना मोठा कोड कळायचा, आणि आता ते बग एआय टूल सोडवतं. पहिली पायरी मशीनने घेतली तर माणूस वर चढणार कुठून? माझं मत असं की ही पायरी आता कंपनी देणार नाही, म्हणून ती कॉलेजने आणि क्लासने द्यायला हवी. हाताने इनबिटवीन काढायची ती दोन-तीन वर्षं त्यामुळे आता जास्त गरजेची झाली आहेत.

संप, आणि ज्यांना वर्गात जागाच नव्हती

डिस्नेची गोष्ट इथेच संपवली तर ती खोटी होईल. ‘स्नो व्हाइट’च्या यशानंतर स्टुडिओ फुगला, बरबँकला नवी इमारत झाली. पण ‘पिनोकियो’ आणि ‘फँटेसिया’ने १९४० मध्ये खर्च भरून दिला नाही, कारण महायुद्धाने युरोपची बाजारपेठ बंद केली होती. पगारांत मोठी तफावत होती, बहुतेकांची नावं पडद्यावर येत नव्हती, कामावरून काढणं सुरू झालं. २९ मे १९४१ रोजी संप झाला. संपाच्या आदल्या दिवसांत युनियनच्या कामामुळे ज्याला काढलं, तो होता आर्ट बॅबिट. ज्याच्या घरच्या वर्गातून रात्रशाळा सुरू झाली, तोच. शेवटी सरकारी मध्यस्थीने तडजोड झाली आणि स्टुडिओने युनियन मान्य केली. वॉल्टने मात्र तो संप कधी विसरला नाही. १९४७ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे त्याने त्यामागे कम्युनिस्ट होते असं सांगितलं.

दुसरी गोष्ट बायकांची. पेन्सिलची चित्रं पारदर्शक सेलवर शाईने उतरवणं आणि मागून रंगवणं हे काम जवळजवळ पूर्णपणे बायका करत. रेघ थोडीही थरथरली तर पडद्यावर दिसते, इतकं नाजूक काम ते. पण त्या काळात अ‍ॅनिमेटर होण्याचं प्रशिक्षण मुलींना सहसा मिळतच नसे. रेटा स्कॉट यांचं अ‍ॅनिमेटर म्हणून नाव ‘बांबी’मध्ये आलं, ते १९४२ मध्ये, आणि त्या स्टुडिओत तो मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या.

मग १९५० च्या दशकाच्या अखेरीस झेरॉक्स आलं. १९३० मध्ये सोडून गेलेला आणि १९४० मध्ये परतलेला आयवर्क्स आता तंत्र विभागात होता. त्याने पेन्सिलचं चित्र थेट सेलवर छापायची पद्धत बसवली. ‘स्लीपिंग ब्यूटी’वर १९५९ मध्ये ६० लाख डॉलर खर्च होऊन तोटा झाला होता, त्यामुळे बचत हवीच होती. १९६१ चा ‘वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स’ याच पद्धतीने झाला. ठिपक्यांची इतकी कुत्री हाताने उतरवणं परवडलंच नसतं. अ‍ॅनिमेटरांना आपली अस्सल पेन्सिलरेघ पडद्यावर दिसल्याचा आनंद झाला. वॉल्टला ती खडबडीत रेघ आवडली नाही, असं सांगतात. आणि शाईकाम करणाऱ्या बायकांचं काम झपाट्याने घटलं.

हे दोन्ही जोडून पाहा. यंत्राने काम कुणाचं गेलं? ज्यांना वर वर्गात बसवलंच नव्हतं त्यांचं. ज्यांना अनेक वर्षं चित्रकला, अभिनय, कथा शिकवली होती, ते नव्या यंत्रावर स्वार झाले. म्हणून एआय आणताना कॉलेजने आणि स्टुडिओने विचारायचा पहिला प्रश्न सॉफ्टवेअरच्या किमतीचा नाही. ज्याचं काम हे टूल करणार आहे त्याला वरचं शिकायची संधी दिली का, हा आहे.

मुंबईपर्यंत आलेला धागा

या रात्रशाळेचा एक धागा मुंबईत पोचला. क्लेअर वीक्स हे डिस्नेचे अ‍ॅनिमेटर. त्यांचं बालपण मिशनरी आईवडिलांबरोबर भारतात गेलं होतं. १९५६ मध्ये अमेरिकी तांत्रिक मदत योजनेतून ते मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये आले आणि इथल्या कलाकारांना त्यांनी अ‍ॅनिमेशन शिकवलं. त्यातून १९५७ मध्ये जातककथेवरचा ‘द बॅनियन डीअर’ तयार झाला. गो. के. गोखले आणि राम मोहन हे त्याच कार्टून विभागातले. राम मोहन यांनी पुढे जपानी सहकाऱ्यांबरोबर रामायणावरचा पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपट केला आणि नव्या मुलांना शिकवलंही. वीक्स यांनी मुंबईत आणली ती मुख्यतः शिकवण्याची रीत: पाहा, काढा, हलवून बघा, पुन्हा काढा.

शेवटचं काम: पुन्हा शाळाच

अखेरच्या वर्षांत वॉल्टचं लक्ष कार्टूनपेक्षा थीम पार्ककडे जास्त होतं. पण एक जुनी गोष्ट त्याने सोडली नाही. १९६१ मध्ये शुइनार्ड विद्यालय आणि लॉस एंजेलिसचं संगीत विद्यालय एकत्र करून कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ द आर्ट्स ही संस्था उभी राहिली. वॉल्ट त्यामागे होता आणि मृत्युपत्रातही त्याने तिच्यासाठी मोठा वाटा ठेवला. १५ डिसेंबर १९६६ रोजी फुप्फुसाच्या कॅन्सरने तो गेला.

१९७५ मध्ये या संस्थेत कॅरेक्टर अ‍ॅनिमेशनचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि डिस्नेची जुनी माणसं तिथे शिकवायला आली. सुरुवातीच्या विद्यार्थ्यांत जॉन लॅसेटर आणि ब्रॅड बर्ड होते. लॅसेटर यांनी १९८७ मध्ये संगणक ग्राफिक्सच्या परिषदेत एक शोधनिबंध मांडला. त्याचा विषय, जुन्या हाताच्या अ‍ॅनिमेशनची तत्त्वं त्रिमितीय संगणक अ‍ॅनिमेशनला कशी लावायची. १९९५ मध्ये त्यांनी दिग्दर्शित केलेला ‘टॉय स्टोरी’ आला. पूर्णपणे संगणकावर झालेला तो पहिला पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपट. गॅरेजमधल्या उसन्या कॅमेऱ्यापासून संगणकापर्यंत सगळी यंत्रं बदलली, पण १९३२ च्या वर्गातला अभ्यास तसाच पुढे चालू राहिला.

मग आज काय करायचं?

शिक्षकांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी मला सुचलेल्या चार गोष्टी:

१. आधी हात, मग एआय. जो प्रकार विद्यार्थ्याने एकदा हाताने केला आहे, त्यासाठीच एआय वापरू द्यायचा. उसळणारा चेंडू, चालण्याचं चक्र, पिठाच्या पोत्याला भावना देण्याचा जुना सराव, हे सगळं आधी कागदावर.

२. दोन्ही शेजारी ठेवा. तीच दोन की ड्रॉइंग एआयला द्या. आपलं आणि त्याचं काम एकत्र चालवून किमान पाच फरक लिहा. एआयचं जे सरस असेल तेही प्रामाणिकपणे लिहा. डॉन ग्रॅहम फिल्म थांबवून जे करायचे, तेच हे.

३. मार्क प्रवासाला द्या. तयार क्लिप कुणीही बनवून आणेल. छोटी कच्ची चित्रं, फसलेले प्रयत्न, इथे सहा फ्रेमच का घेतल्या याचं कारण, यांना मार्क असतील तर विद्यार्थी विचार केल्याशिवाय पुढे जाणार नाही.

४. बाहेर बसून काढा. एसटी स्टँड, भाजी मंडई, शाळेची सुटण्याची वेळ. डोक्यावर पाटी घेतलेली बाई जिना कशी उतरते हे तिथे दिसतं. स्वतः पाहिलं असेल तरच एआयने दाखवलेलं चालणं पटतंय की नाही हे सांगता येईल.

साफ रेघ काढणं, सपाट रंग भरणं, एकाच देखाव्याचे दिवस-रात्रीचे नमुने पाहणं, यासाठी एआय जरूर वापरा. वॉल्टनेही झेरॉक्स नाकारलं नव्हतं. वाचलेला वेळ मात्र पात्राकडे जायला हवा.

सुरुवात करायला कोर्सची वाट पाहायची गरज नाही. बारा कागद घ्या, एक पेन्सिल आणि फोनचा कॅमेरा. एक चित्र दोन फ्रेम धरलं तर बारा चित्रांत बरोबर एक सेकंद होतो. त्या एका सेकंदात एखाद्याला मान वळवायला लावा. आधी चोर काढा, मग आजी. दोन्ही झाले की पहिलं आणि शेवटचं चित्र एआयला द्या, आणि तो कुणाची मान वळवतो ते बघा.